ठकुबाईचं पांढरं दात आन चिमाजीचं दातवन

ठकुबाई गेली तवा तिचं वय शंभरीला टेकलेलं. तोंडात तुळशीचं पानी घालायला जबडा जरा उघडला, तर आत दात. येक न्हाई दोन न्हाई, म्होरलं समदं आन कडंचं बी. रडायला आलेल्या बाया रडायचं इसरल्या आन मोजाय लागल्या. येक म्हनली येकवीस, दुसरी म्हनली बावीस, त्यावर दोघींचं वाजलं, मंग पुन्यांदा मोजलं. आमच्या हिर्डोशी गावात चाळिशीच्या बायांच्या तोंडात येवढं दात न्हाईत. म्हातारी जिती असती तर म्हनली असती, "मोजा गं बायांनो, पन बोट आत घालू नका, चावंन."

आता ती न्हाई. तिच्या दातांची गोष्ट सांगनारं बी येक येक करून कमी व्हत चाललंय. म्हनून ती सांगायची तशी लिवून ठिवलेली बरी.

येकतीस साल आसंल. ठकुबाई तवा ईस वर्सांची, चिमाजीची बायकू. चिमाजी म्हंजे मान खाली घालून काम करनारा मानूस. उतारावर नाचनी करायचा, खाचरात भात लावायचा, उन्हाळ्यात रानातनं हिरडा गोळा करायचा. घरात त्याची आय धोंडाबाई आन ल्हान भन सखू. बाप मानमोडीच्या साथीत गेलेला.

त्या वक्ताला आमच्या डोंगरात सवाशिनीनं दात काळं करायचं. हिरडा कुटायचा, भोरच्या बाजारातनं हिराकसाचं हिरवं खडं आनायचं, दोनी मिळून लोखंडी कढईत आटवायचं, वाळलं की डबीत भरायचं. ह्याला दातवन म्हनायचं. दर मंगळवारी आन शुक्रवारी बोटानं दातावर घासायचं. पिकल्या जांभळावानी काळं कुळकुळीत दात. कपाळाला कुकू, गळ्यात डोरलं आन तोंडात काळं दात, म्हंजे दादला जित्ता. दादला गेला की तिन्ही जायाचं. त्यामुळं गावात बाई हसली की तिच्या दादल्याची खुशाली कळायची, इचारावं लागत न्हवतं.

धोंडाबाई ह्या बाबतीत लई कडक. तिच्या सोताच्या तोंडात येक बी दात न्हवता, पन सुनेच्या दातांवर तिची घारीवानी नजर. मंगळवारी सकाळी चुलीपाशी म्हनायची, "ठके, तोंड दाव." ठकुबाई तोंड दावायची. "मागनं बी लाव. मागनं पांढरं दिसतंय." मंग ठकुबाई मागनं बी लावायची. आसं दातवनावर दातवन, थरावर थर, चार वर्सांत दात भितीवानी जाड झालं. आन त्या भितीच्या आत हिरडी सडली.

उजव्या अंगाची दाढ ठनकाय लागली. लवंग धरली, रुईचा चीक लावला. गाल सुजून दुधीभोपळा झाला. तेवढ्यात घाटाखालनं येक जडीबुटीवाला आला, म्हनला दाताला कीड हाय, काढून दितो. त्यानं तापल्या कोयत्यावर रिंगनीचं बी टाकलं, धूर नळीनं ठकुबाईच्या तोंडात सोडला आन खाली परातीत पानी ठिवलं. पान्यात बारीक पांढरं किडं पडलं. सात. किडं अगदी रिंगनीच्या बियातल्या कोंबावानी दिसत व्हतं, पन कुनी तसं म्हनलं न्हाई.

"आट व्हतं," जडीबुटीवाला म्हनला, "आटवा मागं सरला. त्यो म्होरल्या खेपंला."

त्यो आटवा किडा ठकुबाईला रातदीस झोपू दिना. भाकर खानं बंद, नुसती आंबील. तिकडं सखूचं लगीन पंध्रा दिसांवर आलेलं, राजगडाखालच्या पालीच्या गेनबाच्या ल्योकाशी. बाप न्हाई, आय रांडाव, म्हंजे देवक बसवायला थोरला भाव आन भावजयच बसनार. आन भावजयीचा तर गाल भोपळ्यायेवढा.

चिमाजीनं खालच्या वाडीतनं तट्टू मागून आनलं, बायकूला त्यावर बशिवलं आन आट कोस भोर गाठलं.

भोरात दीनानाथ म्हनून येक तरना डाक्टर मुंबईला निस्तं दाताचंच शिकून आलेला. घराच्या पडवीत त्यानं येक खुर्ची मांडली व्हती, पायानं दाबली की वर जायाची, मागं वाकायची. सा म्हयनं झालं, खुर्चीत कुनी बसंना. भोरचं लोक दात दुखला की न्हाव्याकडं जायाचं, खुर्ची बघायला तेवढं यायचं. डाक्टराची बायकू शुभदा सांजच्याला त्याच खुर्चीत बसून तांदूळ निवडायची.

ठकुबाई आली तवा डाक्टराला आभाळ ठेंगनं झालं. तिला खुर्चीत बशिवली, सुई टोचून हिरडी बधिर केली, दाढ काढली. दुखलं न्हाई, म्हनून ठकुबाई डोळं मिटून निवांत पडली. पंध्रा दिसांत पयल्यांदा तिला झोप लागली. डाक्टरानं इचार केला, बाई एवढी शांत हाय, तर बाकीचं बी बघू. आन त्यानं आकडी घिऊन खरवडाय सुरवात केली. येक दात झाला, त्यो चकाकला. डाक्टराला हुरूप आला. दुसरा केला. मंग त्याला थांबवंना. दोन तास त्यो बाबा खरवडतच व्हता. खाली काळ्या खपल्यांचा ढीग.

ठकुबाई जागी झाली तवा डाक्टर घामानं निथळलेला आन हातात आरसा. "बघा बाई! पहिल्यापासून असेच होते तुमचे दात, तुम्हालाच माहीत नव्हतं."

ठकुबाईनं आरशात बघितलं. आरशात येक रांडाव बाई व्हती.

तिनं आसा टाहो फोडला की समोरच्या आळीतली मानसं धावली. "आवं माजा दादला ग्येला वं! माजा धनी ग्येला!"

चिमाजी पडवीच्या पायरीवर भाकर खात व्हता. त्यो घास हातात घिऊन आत आला. "अगं, म्या हितं हाय."

"तुमी गप बसा!" ठकुबाई म्हनली आन आनी मोठ्यानं रडाय लागली.

शुभदा मधल्या दारात आली, बघितलं आन कपाळावर हात मारला. "अहो, काय केलंत हे! सवाष्णीचं दातवण काढलंत?"

"घाण होती ती," डाक्टर म्हनला. "त्याच्याखाली हिरड्या कुजल्यात. आणखी दोन वर्षं लावलं असतं तर सगळे दात पडले असते. तू नाही लावत, मला काही झालं का?"

"माझं वेगळं. मला हिर्डोशीत नांदायचं नाहीये."

डाक्टरानं दाढंच्या जागी कापसाचा बोळा घातला आन सांगितलं, घट चावून धरा, बोलू नका, आन त्ये काळं परत लावलंत तर पुन्यांदा सूज येनार. बोळा कवा काढायचा, त्ये सांगायचं त्यो इसरला. आन इचारायचं तर बोलायला मना.

दुसऱ्या दिशी ती दोगं माघारी निगाली. ठकुबाईचं तोंड बंद, त्यावर पदर. खालच्या वाडीपाशी चिमाजी म्हनला, "तू हो म्होरं, म्या तट्टू दिऊन येतो." ठकुबाई येकटीच गावात शिरली.

वाटंवर फुलाबाई भेटली, शेजारची. तिला दुसऱ्याची सूज बघायची लई हौस. "बघू गं, उतरली का?" म्हनत तिनं पदर वडला. तोंड उघडलं आन आत लखलखीत पांढरं दात.

फुलाबाईच्या डोक्यावरची घागर खाली.

"आगं बया! चिमाजी?"

ठकुबाईनं जोरजोरात मान हलवली, न्हाई न्हाई म्हनून, आन मागच्या वाटंकडं हात दावला, त्यो तिकडनं येतोय म्हनून.

"मागंच ऱ्हायला का गं त्यो!" फुलाबाईनं गळा काढला. "भोरातच ठिवून आली गं समदं!"

ठकुबाईला आसा राग आला की तिच्या डोळ्यातनं पानी आलं. मंग तर कुनाला शंकाच ऱ्हायली न्हाई.

घटकाभरात अंगान भरलं. बाया आत, मधी धोंडाबाई ऊर बडवतीया, आन तिच्या समोर ठकुबाई तोंडात बोळा चावून हातवारं करतीया. जसं तिनं हात हालवावं तसं बायांनी रडावं. बाप्ये भायेर डोईचं मुंडासं काढून बसलेलं.

चिमाजी तट्टू दिऊन आला. घराम्होरं मानसं बघितली, तसं त्यानं बी मुंडासं काढलं आन शेवटाला जाऊन उकिडवा बसला. त्याला वाटलं आय गेली. पन आयचं रडनं तर आतनं ऐकू येत व्हतं. म्हंजे दुसरं कुनी. मयताच्या दारी लगीच इचारू न्हाई, म्हनून त्यो गप बसला.

गावातलं थोरलं मानूस रखमाजीतात्या. त्यांनी उसासा सोडला. "लई गरीब मानूस. कुनाच्या अध्यात ना मध्यात."

"व्हय," चिमाजी मागनं म्हनला.

"चांगला व्हता," कोंडिबा म्हनला, त्याचा बांधाशेजारी. "पन माजी कुदळ न्हेली ती काय दिली न्हाई गड्यानं. आता कुनाकडं मागू?"

"आरं, ती कवाच दिलीया!" चिमाजी म्हनला. "तुज्या गोठ्यात दावनीपाशी टाकलीया, बघ की!"

समदी मानसं मागं वळली.

कोंडिबा उठला, गोठ्यात गेला आन कुदळ घिऊन आला. "हाय," त्यो म्हनला. तवा कुठं लोकांला चिमाजी जित्ता हाय हे पटलं.

धोंडाबाईनं ल्योकाच्या तोंडावरनं हात फिरिवला, त्याची कानशिलं चाचपली, मंग सुनेकडं वळली. "ठके, तोंडातलं काढ त्ये. आन दातवनाची डबी आन."

ठकुबाईनं बोळा काढला, आधी भाकर खाल्ली, मंग डबी उघडली. लावलं. हिरडी समदी खरवडलेली, हुळहुळी. आसं झोंबलं की जनू मिरचीत इस्तू कालवून भरला. सकाळपतूर गाल पुन्यांदा सुजाया लागला. तिनं चूळ भरली, राखंनं आन पान्यानं समदं धुतलं आन सासूला म्हनली, "आत्याबाई, मी न्हाई लावनार."

"काय म्हनलीस?"

"काल बोळा काढल्यावर मी पंध्रा दिसांनी भाकर चावली. करपलेला पापुद्रा बी खाल्ला. मला दात पायजेत. दादला काय माज्या दातावर टांगलाय?"

धोंडाबाई शिव्या दील, चुलीतलं लाकूड उचलंल, आसं समद्यांला वाटलं. तिनं तसं काय केलं न्हाई. ती भितीला टेकून बसली आन हळू म्हनली, "माज्या बी हिरडीला जखम व्हती, ठके. मानमोडीच्या सालात. झोंबतंय म्हनून मी दोन शुक्रवार चुकिवलं. दोनच. तिसऱ्या शुक्रवारी तुजा सासरा गेला."

गावात त्या म्हयन्यात घरटी येक मानूस गेलं व्हतं. सरपान पुरलं न्हाई. पन धोंडाबाईच्या लेखी त्ये बाकीचं मानमोडीनं गेलं आन तिचा दादला तिच्या दातांनी गेला. हे तिनं तेरा वर्सं कुनाला सांगितलं न्हवतं.

आता ठकुबाईचं दोनी अंगांनी मरान. लावावं तर दात जानार, न लावावं तर म्हातारी भ्यानं मरनार. आन वर लगीन. पांढऱ्या दाताच्या बाईला देवकाला बशिवलं तर पालीचं लोक नवरी न घेता माघारी जातील, आसं फुलाबाई घरोघरी सांगत सुटली.

रखमाजीतात्यांनी देवळात गावकी बोलावली. इषय येकच, चिमाजी जित्ता हाय का न्हाई.

"जित्ता हाय त्ये दिसतंय," तात्या म्हनलं. "त्याच्यावर कुनाचं म्हननं न्हाई. पन बायकूच्या तोंडात त्यो मेलाय. देवक बसतंय त्ये जोडप्याचं. अर्दा मेलेला चालंल का?"

"अर्दा कसा, तात्या? मी आक्का हाय," चिमाजी म्हनला.

"तू मधी बोलू नगंस. तुज्याच इषयी चाललंय."

कोंडिबा म्हनला, लग्नापुरता चेहऱ्यावर पदर घ्यावा. फुलाबाई देवळाभायेरनं वरडली, पदराला वारं लागतं. आजून येक जन म्हनला, चिमाजीचं दुसरं लगीन लावावं, काळ्या दाताची बगून. त्यावर ठकुबाई भायेरनं आसं काय म्हनली की त्यो मानूस पुन्यांदा बोलला न्हाई.

मंग चिमाजी उठला. "तात्या, दातवन कशापायी लावत्यात?"

"दादल्याच्या आयुक्शासाठी."

"म्हंजे माज्या."

"व्हय."

"मंग माज्याच दाताला लावा की. माजं आयुक्श, माजं दात. तिच्या दातावरनं कशाला हेलपाटा?"

समद्यांनी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी मिशी चोळली, देवाकडं बघितलं, पुन्यांदा मिशी चोळली. "बाप्यानं लावू न्हाई आसं कुनी म्हनलेलं माज्या ऐकन्यात न्हाई," त्ये शेवटाला म्हनलं. "न्हाई म्हनायला शास्तर लागतं, आन शास्तर बगाया भोरला जावं लागतं. आता कोन जातंय? लावा."

त्या शुक्रवारी धोंडाबाईनं ल्योकाला चुलीपाशी बशिवलं. "तोंड दाव," म्हनली आन आपल्या बोटानं त्याच्या दाताला दातवन लावलं. म्होरनं, मागनं, कडंनं. त्याचं दात काळं झालं आन म्हातारी त्या राती शांत झोपली.

देवकाच्या दिशी पालीचं वऱ्हाड आलं. गेनबा व्याही ताठ मानूस, कोल्हापुरी फेटा, हातात काठी. त्यानं बघितलं. चिमाजी खांद्यावर कुऱ्हाड घिऊन देवकाची पालवी तोडायला निगालाय, हसतोय, आन तोंड काळं मिट्ट. शेजारी ठकुबाई, तिचं दात चांदन्यावानी. गेनबानं तात्यांला बाजूला घेतलं.

"व्याही, येक इचारू? तुमच्यात सवाशीन कोन असतंय?"

गावाच्या अब्रूचा सवाल. त्यांनी छाती फुगवली. "आमच्या हिर्डोशीची जुनी रीत हाय ही. बाईच्या कपाळाला कुकू, बाप्याच्या तोंडात दातवन. दोघांवर अर्दा अर्दा भार. तुमच्यात न्हाई?"

"न्हाई बा."

"तुमच्यात बायाच समदं वडत्यात?" तात्या आसं काय कळवळून म्हनलं की गेनबाला आपल्या गावाची लाज वाटली.

त्यानं कोंडिबाला इचारलं. कोंडिबा म्हनला, व्हय, जुनी रीत. मग त्यो फुलाबाईकडं गेला, आन फुलाबाईनं तर सांगितलं की तिच्या आजाचं दात समद्या मावळात काळं म्हनून वळखायचं. गाव आसं येका तोंडानं खोटं कवा बोललं न्हवतं. मांडवात गेनबा ल्योकाला म्हनला, "तोंड उघड," आन चिमाजीच्या डबीतलं बोटभर दातवन नवरदेवाच्या दाताला लागलं. सखूचं लगीन काळ्या दाताच्या नवऱ्याशी झालं. ठकुबाईनं देवकाला बसून तोंडभर हसून घेतलं, आन राती जेवनात घट्ट झालेल्या पोळीचा काठ सुदा सोडला न्हाई.

त्याला सतरा वर्सं झाली. चिमाजीनं येक बी मंगळवार चुकिवला न्हाई, येक बी शुक्रवार न्हाई. गावाभायेर गेला तर डबी कमरंला. बाजारात पोरं हसायची, त्यो बी हसायचा, मंग पोरं भ्यायची. त्याच्या दाढा येक येक करून गेल्या. ठकुबाई म्हनायची, "अवं, पुरं करा आता, भोरला चला." त्यो म्हनायचा, "आय हाय तंवर लावतो. तिला झोप लागती." मंग ठकुबाई त्याची भाकर दुधात कुस्करून द्यायची आन कडक पापुद्रा आपन खायाची.

भोरचं संस्थान खालसा झालं त्या सालच्या पावसाळ्यात चिमाजीला थंडीतापानं धरलं. आट दिवस. नवव्या दिशी, शनवारी सकाळी, त्यो गेला. ह्या खेपंला खराच.

बाया आल्या. ठकुबाईचं कुकू पुसलं, डोरलं काढलं. येकीनं रीतीपरमानं तिचं तोंड उघडलं आन मिटलं. तितं पांढरं करायसारखं काय न्हवतंच. ठकुबाईनं राख घेतली, वाटीत पानी घेतलं आन दादल्याच्या उशाला बसून त्याचं उरलेलं दात आपल्या बोटानं घासाय लागली. पानी काळं झालं की वतून द्यायची, दुसरं घ्यायची. कुनी आडवलं न्हाई.

कोपऱ्यात धोंडाबाई बसलेली. डोळ्याला दिसत न्हवतं, कमरंत वाकलेली. समद्या बाया तिच्याकडं बघत व्हत्या, पन ती काय रडंना. तिला दुसरंच काय तरी खात व्हतं. तिनं इचारलं, "ठके, आजाऱ्याच्या दातवनाचं काय केलंस? मंगळवारी लावलं व्हतं?"

"लावलं व्हतं, आत्याबाई."

"आन काल? काल शुक्रवार व्हता."

"काल बी लावलं. ताप मोप व्हता, तरी त्यानं तोंड उघडलं. मीच लावलं, माज्या हातानं."

"मागनं बी?"

"मागनं बी."

धोंडाबाई बोटांवर मोजत बसली, मंगळवार, शुक्रवार, मंगळवार, शुक्रवार. मधी थांबली. "येक बी चुकला न्हाई," ती म्हनली.

"न्हाई, आत्याबाई."

"तरी गेला."

"व्हय."

"मंग त्यो," म्हातारी म्हनली, आन तिचा आवाज पोरीवानी झाला, "मंग तुजा सासरा... त्ये माज्या दातांनी न्हवतं."

ठकुबाईनं वाटी खाली ठिवली, सासूपाशी गेली आन तिचा हात धरला. "न्हवतं, आत्याबाई. त्ये मानमोडीनं."

तवा धोंडाबाई रडली. आसं रडली की भायेर बसलेली मानसं उठून उभी ऱ्हायली. त्ये रडनं दोन मानसांचं व्हतं, येक सकाळी गेलेला आन येक तीस वर्सांमागं.